माळ्यावरच्या कामट्या

बांबू एकाच ट्रकमधून यायचा आणि दुकानाच्या एकाच भिंतीला उभा राहायचा. पण त्यातले दोन तिरडीसाठी काढले, की त्यांचं कापून उरलेलं टोक पुन्हा सुपाला, टोपलीला किंवा परडीला लावायचं नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम होता. तो मला पाढ्यांच्या आधी आला. ज्या सुपात नवं बाळ निजवतात, त्यात त्या बांबूची एक काडीसुद्धा जाता कामा नये. ते टोक आमच्या चुलीतही घालायचं नाही. विकायचं नाही, जाळायचं नाही, तर करायचं काय? आजोबांनी त्यावर सोपा मार्ग काढला होता. टोकाची हातभर लांबीची एक कामटी सोलायची, बाकीचा चुरा नदीत सोडायचा, कामटीवर गेलेल्या माणसाचं नाव लिहायचं आणि ती माळ्यावर टाकायची. नाव लिहायचं कारणही अगदी व्यवहाराचं होतं. घाईगर्दीत कुणी ती कामटी चुकून टोपलीला लावू नये. पेठेचा इतिहास वगैरे त्यांच्या डोक्यात नव्हता. तो पुढे माझ्या डोक्यात घातला गेला.

आम्ही बुरूड. कसबा पेठेतल्या एका बोळात पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या. सकाळी जाग यायची ती बांबू फाटण्याच्या आवाजाने. कोयत्याचा पहिला घाव बसला की एक कोरडा कडाका, आणि मग अण्णा बांबू दोन्ही हातांनी उलगडत नेत तसा कापड टरकावल्यासारखा लांब आवाज. अण्णा म्हणजे माझे वडील. सगळी पेठ त्यांना अण्णाच म्हणायची. आई पायाच्या अंगठ्याने टोपलीचं बूड दाबून धरून विणायला बसे, आणि विणता विणता आमटीत मीठ किती घालायचं ते मला तिथूनच सांगे. भिजवलेल्या बांबूचा वास आमच्या अंथरुणांना, वह्यांना, भाकरीलाही लागलेला असायचा. बोटांत बांबूचं कुसळ गेलं नाही असा आठवडा जायचा नाही. रात्रीच्या भाकऱ्यांचा सकाळी लसूण-तिखट घालून केलेला कुस्करा, दुपारी पिठलं, आणि बुधवारी बाजारातून आई सुकट आणायची तेव्हा बोळभर दरवळ. आता लोक मला विचारतात, लहानपण कष्टाचं गेलं असेल ना? कामाचं गेलं. कष्टाचं वाटायला दुसऱ्याच्या घरात डोकावून बघावं लागतं, तेवढा वेळ नव्हता.

तिरडीचं गिऱ्हाईक लांबून ओळखू यायचं. बाकीची गिऱ्हाइकं टोपली उलटी करून बघायची, काठ दाबायची, शेजारच्या दुकानात कमी सांगतात म्हणायची. हा माणूस पायरीवर चढायचाच नाही. खालूनच म्हणायचा, "बांबू हवेत." कसले, किती, हे तो सांगत नसे आणि अण्णा विचारत नसत. हातातलं काम तिथेच ठेवून उठत, दोन सरळ बांबू निवडत, आडव्या कामट्या मोजून बांधून देत. मग एकच प्रश्न : "कोण?" उत्तर मिळेल तसं कामटीवर उतरायचं. आजोबांनी कॉपिंग पेन्सिल जिभेला लावून लिहिलेली ती जांभळी अक्षरं मला अजून दिसतात. 'चौकातले भाऊ.' 'दूधवाल्यांची थोरली सून.' 'शिंपीणबाई, एकटी.' काहींवर आडनावासकट पूर्ण नाव. नाव कळलंच नाही, तर कामटी कोरी ठेवायची, पण ठेवायची. एकेका सालच्या कामट्यांची वेगळी जुडी बांधलेली असायची. पुराच्या सालची जुडी सगळ्यांत जाड होती, आणि तिच्यात कोऱ्या कामट्या बऱ्याच होत्या.

जोगळेकर सर आम्हाला इतिहास शिकवायचे. शाळेत ते एकच मास्तर असे होते की ज्यांचा तास संपू नये असं वाटे. बखरीतली वाक्यं तोंडपाठ, आवाज खणखणीत, आणि फळ्यावर पेठेचा नकाशा एका झटक्यात काढायचे. त्यांनी चार समविचारी मंडळी जमवून पेठेचा इतिहास गोळा करायचं मनावर घेतलं होतं. शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचं ठरलं. एके दिवशी वर्गात म्हणाले, "राजेरजवाड्यांचा इतिहास पुस्तकात आहे. मला तुमच्या घरचा हवाय. प्रत्येकाने घरातली एक जुनी वस्तू सांगायची, आणि तिची गोष्ट." कुणी अडकित्ता सांगितला, कुणी पणजोबांची पगडी. एकीने तांब्याचं घंगाळ सांगितलं आणि त्याला कुणाचा तरी राजेशाही हात लागल्याचंही सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहून म्हटलं, "आमच्या माळ्यावर पेठेतल्या मेलेल्या माणसांची नावं आहेत." वर्ग हसला. सर हसले नाहीत. खडू खाली ठेवून ते म्हणाले, "शोभा, पुन्हा सांग."

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. पायरी चढून आले, हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण त्याचा माझ्यावर फार परिणाम झाला. पोत्यावर बसले, चहा घेतला, एकेक कामटी उजेडाकडे धरून वाचली. "अहो, हा दप्तरखाना आहे! नगरपालिकेत मिळणार नाही असला दप्तरखाना. ह्या शिंपीणबाईंची नोंद जगात दुसरी कुठे असणार आहे?"

अण्णा म्हणाले, "सर, ह्याला लोक शिवत नाहीत. तुम्ही प्रदर्शनात मांडणार?"

"काचेच्या पेटीत. मधोमध."

"लोक बोलतील."

"बोलू देत की. बोलण्यासाठीच तर मांडायचं."

अण्णांनी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. तीन दिवस मी त्यांच्या मागे लागले. भांडी घासताना, बांबू धरताना, जेवताना. शेवटी ते आईला म्हणाले, "हिला वाटतंय काढाव्यात खाली, तर काढू." आणि मला म्हणाले, "माझ्याकडून तू नेतेस. सर नाही. परत कोण आणणार?"

"मीच."

"मोजून घे."

मी मोजल्या नाहीत. सरांच्या समोर मोजायला लाज वाटली. आज माझ्या दुकानातून खिळ्यांची पुडीसुद्धा न मोजता बाहेर जात नाही.

जुड्या सुतळीने बांधून, सायकलच्या कॅरियरला लावून, सायकल हातात धरून मी त्या भर दुपारी पेठेतून सरांच्या घरी नेल्या. दोन बायका रस्ता बदलून गेल्या. मी मान ताठ ठेवली. वर्गातली पगडी आणि घंगाळ ह्यांच्यापुढे आमची गोष्ट पहिली ठरली होती, आणि ती मी घेऊन चालले होते.

मग आठ-दहा दिवस शाळा सुटल्यावर मी सरांच्या ओटीवर बसून कामट्या वहीत उतरवत असे. सर मधूनच येऊन खांद्यावरून बघत, "वा, अक्षर सुरेख" म्हणत. काकू चहा द्यायच्या. माझा कप वेगळा होता, स्टीलचा, आणि तो मी मागच्या नळावर धुऊन कोनाड्यात पालथा घालायचा असे. मला तेव्हा ते शिस्तीचं घर वाटलं. आतल्या खोलीत सरांच्या आई अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचा आवाज तेवढा यायचा : "कोण आलंय? काय लिहितेय ती?" काकू सांगत, "शाळेतली मुलगी आहे, अभ्यास करतेय." आजोबांच्या अर्ध्याअधिक जुड्या झाल्या, पुराचं साल सुरू झालं, आणि एका संध्याकाळी सर म्हणाले, "आता राहू दे. तुझी परीक्षा तोंडावर आली. उरलेलं मी उतरवतो. तू आधी पास हो." मला भरून आलं. एवढा मोठा माणूस माझ्या परीक्षेची काळजी करतोय!

प्रदर्शनाच्या दिवशी अण्णांनी धुतलेली टोपी घातली आणि आईने लग्नातली नऊवारी काढली. दुकान अर्धा दिवस बंद. हे आमच्याकडे गणपती विसर्जनालाही होत नसे. हॉलमध्ये अत्तर शिंपडलं होतं, सनई लावली होती. मधोमध काचेची पेटी होती. तिच्यात पगडी होती.

आमचं टेबल खिडकीशी. त्यावर पाच सुपं, हळदीकुंकू लावलेली, आणि एक परडी, तिच्यात शेवंतीची फुलं. ती सुपं आमची नव्हतीच. काठाची बांधणी बघितल्याबरोबर आईने ओळखलं. "हे बाजारातलं दिसतंय गं. काठ तीन दिवसांत सुटेल." वर पुठ्ठ्यावर सुबक अक्षरांत लिहिलं होतं : 'बुरूड समाजाची मंगल कला.'

मी सरांना गाठलं. ते पाहुण्यांना पगडीची गोष्ट सांगत होते. माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाले, "जागा पुरली नाही, शोभा. आणि आजचा दिवस मंगल. कामट्या कपाटात अगदी सुरक्षित आहेत. त्यांच्यावर आपण स्वतंत्र लेख करू." मग मोठ्याने म्हणाले, "अरे वा, वहिनी आल्यात! वहिनी, जरा बसून विणून दाखवता का? पाहुण्यांना फार कौतुक वाटेल." आई लग्नातल्या नऊवारीत, सतरंजीवर, अंगठ्याने टोपली दाबून विणायला बसली. लोक गोल उभे राहिले. फोटो निघाला. अण्णा खिडकीपाशी टोपी हातात घेऊन उभे होते. घरी येताना एवढंच म्हणाले, "कपाटात आहेत म्हणाले ना? मग आण."

मी गेले. सर म्हणाले, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात म्हणाले, कपाटाची किल्ली एका सहकाऱ्याकडे आहे. मग म्हणाले, तुझी परीक्षा होऊ दे. अण्णा रोज विचारत नसत. रोज फक्त माळ्याकडे बघत. मधे दोन तिरड्या झाल्या, त्यांच्या दोन कामट्या मोकळ्या माळ्यावर पडल्या, आणि खालून बघताना तो माळा मला दात पडलेल्या तोंडासारखा दिसे.

शेवटी एका सकाळी शाळेच्या आधी मी न सांगता गेले. पुढचं दार लोटलेलं होतं म्हणून मागच्या अंगणातून गेले, जिथे मी कप धूत असे. काकू बंब पेटवत होत्या. तांब्याचा चकचकीत बंब, मधल्या नळीतून धूर निघत होता. शेजारी ढलप्यांची पाटी. काकू प्रसन्न होत्या. म्हणाल्या, "ये गं. सरांची अंघोळ व्हायचीय. हल्ली बंब कसा एका काडीत पेटतो बघ. इतकं वाळलेलं जळण मी आयुष्यात बघितलं नव्हतं."

पाटीत वरच एक कामटी होती. जांभळी अक्षरं धुरकटली होती, तरी वाचता येत होती. 'शिंपीणबाई, एकटी.'

मी पाटी उपडी केली. काकू ओरडल्या, "अगं अगं, हात काळे होतील!" मी त्यातून सतरा कामट्या वेचल्या. मोजून. काकूंना खरोखर काही ठाऊक नव्हतं. "सरांनीच सांगितलं, आपल्या माळ्यावर टाकलेलं ते जाळून टाक. का गं? तुमचं होतं का ते?"

सर पंचा गुंडाळून बाहेर आले. माझ्या हातात काय आहे ते त्यांनी पाहिलं. खोटं बोलायला आता जागा उरली नव्हती, तरी त्यांनी आधी काकूंना आत पाठवलं.

"आईला कळलं," ते म्हणाले. "कुणीतरी सांगितलं तिला. अंथरुणाला खिळलेली बाई. म्हणाली, माझ्यासाठी आणून ठेवल्यात का? दोन दिवस अन्नाला शिवली नाही. घरात ठेवणं शक्यच नव्हतं, शोभा."

"मग परत का नाही दिल्या? आमचं घर दहा मिनिटांवर आहे."

"भर पेठेतून ते घेऊन मी कसा येणार होतो?"

"मी आणल्याच होत्या."

वर्गात वापरायचे तो समजावणीचा आवाज लावून ते म्हणाले, "तुझ्या वडिलांना वाईट वाटलं असतं. प्रदर्शन तोंडावर होतं, तुझं मन मोडायचं नव्हतं. आणि नावं तुझ्या वहीत उतरलीच आहेत की. शेवटी महत्त्व नावांना. लाकडाला काय?"

"अर्धीच उतरली होती. उरलेली तुम्ही उतरवणार होतात."

बंबातलं पाणी उकळायला लागलं होतं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना अंघोळीला उशीर होत होता.

मी त्या दिवसाचा हिशोब पुष्कळदा लावला आहे. मला वर्गाचं हसणं सहन झालं होतं. बायकांनी रस्ता बदलला तेही झालं. पुठ्ठ्यावरची 'मंगल कला'सुद्धा मी पचवली असती. तेवढं भित्रेपण मी माणसात धरून चालते. पण ज्या संध्याकाळी त्यांनी "तू आधी पास हो" म्हटलं, त्याच्या दुसऱ्या सकाळपासून त्या घरात अंघोळी कशावर होत होत्या, हे त्यांना माहीत होतं. आणि मी महिनाभर ती काळजी डोक्यावर घेऊन अभ्यास करत होते.

घरी येऊन मी सतरा कामट्या अण्णांसमोर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. त्यांनी एकेक कामटी पुसली, सुतळीने बांधली. सुतळी जुनीच होती, जुडी इतकी बारीक की तिचे सहा-सात वेढे पडले. मला वाटलं, आता ते सरांकडे जातील, दार वाजवतील. ते म्हणाले, "माझ्याकडून तू नेल्या होत्यास." बस. आई मात्र चुलीपासून म्हणाली, "आपल्या घरचं लाकूड आपण कधी चुलीत घातलं नाही, आणि सरांनी त्यावर अंघोळी केल्या. विचार त्यांना, अंग नीट निघालं का म्हणावं." मी सरांचा तास सोडला नाही. पहिल्या बाकावर बसत राहिले. त्यांनी मला पुन्हा कधी उभं केलं नाही.

पुढच्याच महिन्यात सरांच्या आई गेल्या. त्यांच्याकडचा माणूस पायरीखाली उभा राहून म्हणाला, "बांबू हवेत." मी अण्णांकडे बघत होते. त्यांनी हातातली रोवळी बाजूला ठेवली, उठले, भिंतीजवळ जाऊन दोन सरळ बांबू निवडले. नेहमीपेक्षा कमी नाही, जास्त नाही. "कोण?" त्यांनी विचारलं, जसं काही ठाऊकच नाही. माणसाने नाव सांगितलं. अण्णांनी कामटी सोलली, पेन्सिल जिभेला लावली आणि सावकाश पूर्ण नाव लिहिलं. मी म्हटलं, "अण्णा, तिचं कशाला?" ते म्हणाले, "ती पेठेतली नव्हती का?"

सरांनी पुढे पेठेवर पुस्तक काढलं. चांगलं आहे, माझ्याकडे आहे. त्यात बुरुडांवर दीड पान, सुपाचा फोटो, आणि प्रस्तावनेत 'अनेक विद्यार्थ्यांचे साहाय्य' असा उल्लेख. त्यांचे सत्कार झाले, शाली जमल्या. हल्ली रविवारी सकाळी पंधरा-वीस मुलांचा घोळका आमच्या बोळात येतो. पुढे एक जण त्या पुस्तकातलंच मोठ्याने सांगत असतो. मुलं म्हणतात, "मॅम, एक छोटा रील घेऊ? तुम्ही फक्त विणत राहा, नॅचरल." मी सांगते, विणणारी बाई दुपारी येते, आत्ता घ्यायचं असेल तर टोपली घ्या. काही जण घेतात. झाडाची कुंडी ठेवायला.

दुकान अण्णांनंतर माझ्याकडे आलं. भाऊ हिंजवडीला कंपनीत लागला, त्याला बांबूचा वास नको होता. मला चालत होता. आता लग्नाच्या परड्या जास्त जातात, सुपं कमी. शववाहिनी आली, विद्युतदाहिनी आली, तरी दोन बांबू लागतातच. कामट्या मी ठेवते. कॉपिंग पेन्सिल मिळेनाशी झाली, मार्करने लिहिते. माळ्यावर पुन्हा बऱ्यापैकी जुड्या झाल्या आहेत. पण पुराचं साल आता कुणालाही वाचता येणार नाही. माझी वही 'पूर' ह्या शब्दानंतर चार नावांवर संपते.

सर गेले त्याला फार वर्षं झाली नाहीत. त्यांचा मुलगा आला होता. तो मला ओळखत नव्हता, मी त्याला ओळखत होते. लहानपणी ओटीवर चेंडू खेळायचा. पायरीखाली उभा राहून म्हणाला, "बांबू हवेत." मी उठले, दोन सरळ निवडले, आडव्या कामट्या मोजून बांधून दिल्या. "कोण?" असं मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. तो गेल्यावर टोकाची कामटी सोलली, हातभर, कडा गुळगुळीत केल्या. मार्कर समोरच होता.

नाव कळलं नसेल तरच कामटी कोरी ठेवायची, असा नियम आहे. मला त्यांचं नाव वडिलांच्या नावासकट ठाऊक होतं. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर त्यांची सही आहे. मी कामटी तशीच माळ्यावर टाकली. पुढेमागे कुणी त्या जुड्या उतरवायला बसलं, तर त्याला वाटेल, त्या साली पेठेत एक अनोळखी माणूस वारला.